पदवीला काय शिकायचं हे मुलांनाच ठरवू द्यावं का?

गोदाकाठ

नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी अर्थशास्त्र शिकवतो. अनुदानित महाविद्यालय आहे, कला-वाणिज्य-विज्ञान तिन्ही शाखा, आणि बहुतेक मुलं-मुली आसपासच्या खेड्यांतून एसटीने येतात. यंदाचे प्रवेश उरकले आणि राहवलं नाही म्हणून हा धागा काढतोय.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाप्रमाणे राज्य शासनाने २० एप्रिल २०२३ ला पदवीच्या नव्या रचनेचा निर्णय काढला. स्वायत्त महाविद्यालयांत ती २०२३-२४ पासून आली, आमच्यासारख्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोड विषय, ओपन इलेक्टिव्ह म्हणजे ऐच्छिक विषय, शिवाय कौशल्याचे विषय, भारतीय ज्ञानप्रणाली अशी सगळी मांडणी. अभ्यास क्रेडिटमध्ये, म्हणजे तासांवरून ठरलेल्या गुणांकात मोजायचा, वर्षाला साधारण ४४ क्रेडिट. पहिल्या वर्षानंतर थांबलात तर प्रमाणपत्र, ८८ ला पदविका, १३२ ला पदवी, १७६ ला ऑनर्स. त्यातला ओपन इलेक्टिव्ह आपल्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यायचा, ही अट मला फार आवडली होती. विज्ञानाच्या मुलीने अर्थशास्त्र शिकावं, कलेच्या मुलाने थोडं संख्याशास्त्र शिकावं, हे मी कितीतरी वर्षं स्टाफरूममध्ये बोलत आलोय.

आता जूनमध्ये काय झालं ते सांगतो. वनस्पतिशास्त्र मेजर घेतलेली एक मुलगी. घरची द्राक्षबाग. फॉर्मवर ओपन इलेक्टिव्हच्या रकान्यात तिने कॉस्ट अकाउंटिंग लिहिलं होतं. खिडकीवरच्या क्लार्कने त्यावर रेघ मारून शेजारी पर्यटनाच्या विषयाचा कोड लिहिला, कारण संगणकात आमच्या महाविद्यालयापुढे तेवढेच दोन-तीन कोड उघडत होते. ती तो फॉर्म घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, छाटणीपासून धरलं तर औषधं, डिपिंग, थिनिंगची मजुरी, क्रेट, सगळं मिळून किलोला काय पडलं ते बाबांना सांगताच येत नाही. व्यापारी भाव सांगतो तेव्हा आपण तोट्यात देतोय की फायद्यात, तेच कळत नाही. मला तेवढं शिकायचंय."

तिला पर्यटन का मिळालं? भूगोल विभागाचा वर्कलोड, म्हणजे ठरलेले तास, पूर्ण होत नव्हता आणि वाणिज्यच्या सरांचे तास आधीच ओसंडत होते. भूगोलाचे ते सहकारी तासिका तत्त्वावर आहेत. तास कमी पडले तर त्यांची नेमणूकच जाते. म्हणजे एकाची भाकरी वाचवायला दुसरीचा विषय बदलला, आणि यात दुष्ट कुणीच नाही. मला छळतंय ते हेच.

माझं मत सरळ आहे. मुलांना निवडू द्यावं, अगदी मोकळेपणाने. पण तो विषय शिकवणारा माणूस आणि वेळापत्रकात त्याचा तास, हे दोन्ही द्यायची जबाबदारी निवड देणाऱ्यानेच घेतली पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?

यंत्रधर

सर, त्या मुलीबद्दल वाईट वाटलं. पण 'अगदी मोकळेपणाने' याला माझा ठाम विरोध आहे. मी पंचवीसेक वर्षं पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात काढली आहेत, नव्या मुलांच्या मुलाखती घेतो. अभियांत्रिकीत आधीचं आल्याशिवाय पुढचं येतच नाही. ज्याला अवकलन-समाकलन येत नाही त्याला थर्मोडायनॅमिक्स समजणार नाही, आणि ज्याला थर्मो समजलं नाही त्याने बॉयलरजवळ उभं राहू नये.

२०२१ मध्ये एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेने, आपल्या पुस्तिकेत बारावीच्या चौदा विषयांतले कोणतेही तीन चालतील, गणित-भौतिकशास्त्र असलंच पाहिजे असं नाही, असं म्हटलं होतं. केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. नंतर खुलासे आले. तो गदारोळ रास्तच होता. अठराव्या वर्षी मुलाला काय ठाऊक असतं की पुढे कशाची गरज पडणार आहे? शिकवणाऱ्याला ते ठाऊक असतं, म्हणून तर तो शिकवतो.

श्रावणी_एसवाय

मी दुसऱ्या वर्षाला आहे, मानसशास्त्र मेजर. यंत्रधर काका, आम्हाला काही ठाऊक नसतं हे थोडं खरं आहे. पण ज्यांना ठाऊक असतं ते आम्हाला सांगत कुठे आहेत? आमच्या प्रवेशाच्या दिवशी रांग दाराबाहेर गेली होती. प्रत्येकाला खिडकीवर दोन-तीन मिनिटं. मायनर म्हणजे काय, तो पुढे बदलता येतो का, कुणी सांगायला नव्हतं. मी मायनरला समाजशास्त्र घेतलं कारण माझ्या पुढच्या मुलीने तेच घेतलं होतं. मला संख्याशास्त्र घ्यायला हवं होतं हे दुसऱ्या सत्रात प्रयोगांची आकडेवारी समोर आली तेव्हा समजलं.

मी सक्ती मागत नाहीये. रांगेत उभं राहायच्या आधी पंधरा मिनिटं कुणीतरी माझ्याशी बोलायला हवं होतं, एवढंच.

उत्तरा_के

पालक म्हणून लिहिते. मुलगा बारावीत आहे.

आमच्या सोसायटीतल्या मुलांकडे बघते तेव्हा निवड कशी होते ते दिसतं. 'स्कोअरिंग' काय आहे, पेपर कोण तपासतं, कुठल्या विषयाला हजेरी लागत नाही. ओपन इलेक्टिव्ह म्हणजे सीजीपीए वर काढायचा विषय, असं मुलं उघड बोलतात. अशा निवडीला स्वातंत्र्य म्हणायला माझं मन धजत नाही. मग सक्ती बरी वाटते. आमच्या वेळी पुणे विद्यापीठात एफवायला ठरलेले विषय, पुढे जनरल आणि स्पेशल पेपर. स्पेशल निवडेपर्यंत दोन वर्षं हाताशी असायची, प्राध्यापक ओळखीचे झालेले असायचे.

आणि एक. आपण विद्यार्थी आणि विद्यापीठ एवढ्या दोघांचंच बोलतोय. तालुक्यातल्या मुलीचा विषय बरेचदा घरचे ठरवतात. ज्याचं प्रॅक्टिकल दुपारी असेल तो विषय नको, कारण शेवटची गाडी चुकेल. तिथे विद्यापीठाने कितीही मोठी यादी दिली तरी काय उपयोग?

जुने_दप्तर

इतिहासाचा निवृत्त शिक्षक आहे. या विषयावर आपल्याकडे एक असं उदाहरण आहे की त्याच्याशिवाय ही चर्चा पुढे नेऊच नये.

भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये होते तेव्हा त्यांना संस्कृत शिकायचं होतं. अस्पृश्य म्हणून ते नाकारलं गेलं आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. हुशारी होती, इच्छा होती, शाळेत शिक्षकही होता. विषय मिळाला नाही तो केवळ जातीमुळे. पुढे संस्कृत त्यांनी स्वतःच्या जिद्दीवर मिळवलं.

आता १९१३ बघा. सयाजीराव महाराजांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती, तीन वर्षांसाठी, आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायचा करार. हा तरुण न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोहोचला. तिथल्या नोंदीत त्यांनी घेतलेले विषय मिळतात. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन. सेलिगमन, ड्युई, शॉटवेल, रॉबिन्सन अशी माणसं शिकवायला. याच काळात, मे १९१६ मध्ये, मानववंशशास्त्राच्या गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. मुख्य विषय अर्थशास्त्र असलेला विद्यार्थी मानववंशशास्त्राच्या वर्गात जाऊन जातिसंस्थेच्या उगमाबद्दल मांडणी करतो! विषयांच्या भिंती आडव्या आल्या असत्या तर तो निबंध तिथे, तसा लिहिला गेला असता का?

ज्यांना मोकळी निवड म्हणजे चैन वाटते त्यांनी ही यादी एकदा शांतपणे वाचावी. ज्या माणसाला एक विषय जातीमुळे नाकारला गेला होता, त्याने दार उघडं मिळाल्यावर काय केलं ते त्यात आहे.

यंत्रधर

दप्तरकाका, ही यादी मी पहिल्यांदाच वाचली, आभार. पण बाबासाहेबांच्या बुद्धीवरून राज्यभरच्या लाखो मुलांसाठी नियम कसा करायचा? आणि ते तिथे पोहोचले तेव्हा बी.ए. होऊन गेले होते. पाया आधीच पक्का होता.

मांडवीतीर

गोव्याहून. आमच्या कोसबेनच्या माणसाचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी हार्वर्डला गणित शिकत होते. तिथले मोठे गणिती बिर्कहॉफ त्यांना सांगत होते की गणितावर लक्ष एकवट. कोसंबींनी ऐकलं नाही, नाना विषय घेतले, भाषाही शिकले, आणि १९२९ मध्ये उत्तम श्रेणीत पदवी घेतली. पुढे हाच माणूस नाणी तराजूत तोलून, त्यांच्या झिजेवर संख्याशास्त्र लावून प्राचीन भारताचा इतिहास सांगू लागला. १९५६ चं त्यांचं भारतीय इतिहासावरचं पुस्तक आजही अभ्यासलं जातं.

यंत्रधर म्हणतील की हीदेखील असामान्य बुद्धी. मान्य. पण माझा मुद्दा उलटा आहे. सल्ला देणारा बिर्कहॉफसारखा माणूस असला तरी त्याला विद्यार्थ्याच्या पुढच्या आयुष्यात काय जुळून येणार आहे हे दिसत नाही. शिक्षकाला विषय ठाऊक असतो. विद्यार्थी ठाऊक असतोच असं नाही.

बव्हेरियाहून

जर्मनीत मास्टर्स करतेय, त्याआधी मुंबईत बी.एस्सी. इकडचं थोडं लिहिते, कारण परदेशात सगळं मोकळं असतं असा आपल्याकडे समज आहे.

इथे प्रवेश घेतानाच विषय ठरतो. अमेरिकेसारखं दोन वर्षं चाखत बसणं नाही. काही विद्यापीठांत मुख्य विषयाला जोड विषय घेता येतो, पण जो घेतलात तो घेतलात. मोकळीक आहे ती वेगळ्या जागी. बऱ्याच व्याख्यानांना हजेरी नाही, कुठली परीक्षा कोणत्या सत्रात द्यायची ते बरंचसं तुम्ही ठरवता. किंमत मात्र कडक आहे. बहुतेक ठिकाणी एका परीक्षेला मोजक्या संधी, साधारण तीन. शेवटची गेली की त्या अभ्यासक्रमातून नाव कमी होतं, आणि तोच अभ्यासक्रम देशातल्या दुसऱ्या विद्यापीठातही सहसा घेता येत नाही. माझ्या मजल्यावरच्या एका मुलाचं तसं झालं. त्याने विषय बदलून पुन्हा पहिल्या सत्रापासून सुरुवात केली, आणि घरच्यांना त्यात लाजिरवाणं काही वाटलं नाही. फी जवळजवळ नाही, म्हणून वर्ष वाया गेलं तरी घर बुडत नाही.

मला आपल्याकडचा खरा अडसर हा वाटतो. आपल्याकडे चुकीचा विषय निवडणं परवडत नाही. कर्ज काढून पाठवलेल्या मुलाला 'हवं ते निवड' म्हणणं आणि 'चुकलास तर परतीची वाट नाही' हे मनात ठेवणं, दोन्ही एकदम चालू असतं.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. इतकं मनापासून कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

यंत्रधर, तुमचा बॉयलरचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. ज्या शिक्षणावर इतरांचा जीव अवलंबून असतो तिथला गाभा ठरलेलाच हवा. परिचारिका, डॉक्टर, पूल बांधणारे, यांनी शरीरशास्त्र किंवा बलशास्त्र निवडायचं की नाही हा प्रश्नच असू नये. पण बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. करणाऱ्या मुलांवर तोच नियम लावायचं कारण काय? आणि सक्तीने पाया पक्का होतो म्हणता, तर वर्षानुवर्षं सक्तीचं इंग्रजी शिकून आमची मुलं बँकेचा साधा अर्ज का भरू शकत नाहीत? सक्तीचा तास जागच्या जागी बसवतो. त्यापुढचं काम शिक्षकालाच करावं लागतं.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे म्हणून. हार्वर्डमध्ये चार्ल्स एलियट १८६९ ते १९०९ अध्यक्ष होते. त्यांनी सक्तीचे विषय एकेक करत काढून टाकले, इतके की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पहिल्या वर्षाच्या लेखनापलीकडे जवळपास काहीच सक्तीचं उरलं नव्हतं. मुलं सोपे, प्राथमिक विषय गोळा करतात ही तक्रार तेव्हाही झालीच, उत्तराताई, अगदी तुमच्या सोसायटीसारखी. त्यांच्यानंतरच्या लॉवेल यांनी एका विषयात खोली आणि बाकीच्यांत फैलाव अशी वाटणी आणली. दप्तरकाकांच्या कोलंबियात तर बाबासाहेब निघून गेल्यावर तीनच वर्षांनी, १९१९ मध्ये, पदवीच्या मुलांना समकालीन संस्कृतीचा एक समान अभ्यासक्रम सक्तीचा झाला, महायुद्धानंतर. त्यातून वाढलेला गाभा तिथे आजही आहे. उलट ब्राउन विद्यापीठाने १९६९ मध्ये, मुलांनीच मांडणी केली म्हणून, सामायिक सक्ती काढून टाकली आणि तीही टिकली. दोन्ही चालतात. दोन्हीकडे शिकवणारी माणसं भरपूर आहेत आणि प्रत्येक मुलाला सल्लागार आहे, हे मात्र समान आहे.

आमच्याकडे अनुदानित महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या हजारो जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत. तासिका तत्त्वावरच्या माणसाला पुढच्या जूनमध्ये आपण असू की नाही हे माहीत नसतं, तो नवा विषय कशाच्या बळावर उभा करणार? श्रावणी, तुला पंधरा मिनिटं देणारा माणूस याच रिकाम्या जागांमध्ये हरवलाय. निवडीचं धोरण आणि भरतीचं धोरण वेगवेगळ्या टेबलांवर ठेवलं की सगळा भार त्या खिडकीवरच्या क्लार्कवर येतो.

उत्तरा_के

हे पटलं. मुलांच्या सोपं शोधण्यावर मी थोडी कठोर लिहिलं असेन, पण काळजी खरी आहे. परीक्षा जोवर अशी आहे तोवर मुलं हिशेबच करणार. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, वैकल्पिक विषय आला. आता आमच्या ओळखीतली मुलं मेजरसुद्धा त्या यादीकडे बघून घेतायत. त्यांना दोष तरी कसा द्यायचा?

जुने_दप्तर

उत्तराताईंच्या शेवटच्या गाडीबद्दल. मुलींनी काय शिकावं हे दुसऱ्यांनी ठरवायची परंपरा आपल्याकडे चांगल्या माणसांतही होती. अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं. मातृभाषेतून उच्च शिक्षण देण्याचं केवढं मोठं काम. पण मूळ कल्पनेत स्त्रीचं कार्यक्षेत्र वेगळं, म्हणून तिचा अभ्यासक्रमही वेगळा, गृहव्यवस्था आणि आरोग्य त्यात, असं गृहीत होतं. पुढच्या पिढ्यांतल्या मुलींनी त्याच विद्यापीठातून ग्रंथालयशास्त्रापासून तंत्रज्ञानापर्यंत वाटा काढल्या. दार आधी उघडावं लागतं, मग आत काय मांडायचं ते आत आलेली माणसं बदलतात. म्हणून तासांची वेळ ही फार मोठी गोष्ट आहे, गोदाकाठ. प्राचार्यांशी बोला.

श्रावणी_एसवाय

सर, त्या मुलीचं पुढे काय झालं? आणि आमच्यासारख्यांनी नेमकं काय करायचं तेही सांगा. इथे सगळे मोठे बोलतायत, पण आम्हाला डिसेंबरमध्ये पुन्हा फॉर्म भरायचाय.

गोदाकाठ

तिचं सांगतो. वाणिज्यच्या सरांना मी, वनस्पतिशास्त्राच्या मॅडम आणि ती मुलगी असे तिघे भेटलो. चौकशी केली तर द्राक्ष, कांदा, टोमॅटोवाल्या घरांतली बरीच मुलं निघाली ज्यांना हेच हवं होतं. कोड विद्यापीठाच्या बास्केटमध्ये, म्हणजे विषयांच्या यादीत, होताच, आमच्या महाविद्यालयाने तो उघडला नव्हता. दोन क्रेडिट म्हणजे ३० तास. तास सकाळी पहिल्या दोन गाड्या आल्यावर लगेच ठेवला, म्हणजे परतीची अडचण नाही. भूगोलाच्या सहकाऱ्यांचा वर्कलोड तुटू नये म्हणून पर्यटनाची तुकडीही ठेवली आहे, ज्यांना तो विषय खरंच हवा होता त्यांची. सरांनी पहिल्याच आठवड्यात मुलांना घरून औषधांच्या पावत्या आणायला सांगितल्या.

आता तुझं. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून ओपन इलेक्टिव्ह आणि मायनरची पूर्ण यादी उतरवून घे, महाविद्यालयाच्या फलकावरची नको. त्यातला विषय हवा असेल तर प्राचार्यांच्या नावे अर्ज कर, सोबत तोच विषय हव्या असलेल्या मुलांच्या सह्या जोड. आणि हा अर्ज फॉर्म सुटायच्या आधी दे, नंतर वेळापत्रक हलत नाही. शिकवायला कुणीच नसेल तर स्वयम् बघ, केंद्र सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ. २०२१ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांप्रमाणे एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तिथून घेता येतात, पण महाविद्यालयाची संमती आधी लेखी घे आणि क्रेडिट कुठल्या रकान्यात धरणार ते त्याच पत्रात लिहून माग. संख्याशास्त्राचे प्राथमिक अभ्यासक्रम तिथे आहेत. मायनर बदलण्याची मुदत तुमच्या विद्यापीठाची वेगळी असू शकते, परीक्षा विभागात विचार.

अर्जाचा मसुदा लिहिलास की इथे टाक. मी बघतो, आणि दप्तरकाका भाषा तपासून देतील.

जुने_दप्तर

देतो. आजच टाक.